नजरचूक

गेल्या वर्षी आमच्या भागातल्या एका लहानशा वाचनालयाचा वर्धापनदिन झाला. दोन दिवस व्याख्याने आणि समारोपाला जेवण असा बेत होता. नंतर जे आभारपत्रक वाटले गेले, त्यात एक वाक्य असे होते : ‘दोन्ही दिवस सर्वांना तृप्त करणार्या आचार्यांना संस्था मनःपूर्वक धन्यवाद देते.’ व्याख्यात्यांपैकी दोघे प्राचार्यपदावरून निवृत्त झालेले. आपल्या वक्तृत्वाने श्रोते इतके तृप्त झाल्याचे वाचून त्यांना संकोच वाटला. ज्यांच्यासाठी ते वाक्य लिहिले होते, ते आचारी मात्र बिनधन्यवादाचे राहिले.

पत्रक टंकले होते संस्थेच्या चिटणीस बाईंनी. बाई निवृत्त प्राथमिक शिक्षिका. मी ही गंमत त्यांच्या कानावर घातली, तेव्हा त्या हसतील अशी माझी कल्पना होती. त्या हसल्या नाहीत. ओशाळून म्हणाल्या, “मला ते ‘ऱ्या’ काढता येत नाही हो संगणकावर. माझंच टायपिंग कच्चं आहे.”

या बाईंनी तीस-बत्तीस वर्षे फळ्यावर ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा हा भेद मुलांकडून घटवून घेतला. त्यांच्या हातून खडूने तो कधीही चुकला नसता. तरीही चुकीचा दोष त्यांनी क्षणाचाही विचार न करता स्वतःकडे घेतला. पत्रकातल्या विनोदापेक्षा मला हे अधिक लागले, आणि तेव्हापासून मी एक गोष्ट लक्षपूर्वक पाहू लागलो : यंत्र अडते, तेव्हा आपण क्षमा कोणाची मागतो?

आधी त्या ‘ऱ्या’विषयी. मराठीत ‘र’ पुढच्या व्यंजनाला जोडण्याच्या दोन तऱ्हा आहेत. ‘सूर्या’तला रफार डोक्यावर बसतो आणि मागच्या अक्षरावर आघात टाकतो. ‘सुऱ्यां’मधला ‘र’ पापणीच्या केसासारखा आडवा येतो आणि मागच्या अक्षराला धक्का लावत नाही. हिंदीला हा भेद लागत नाही, मराठीला आणि नेपाळीला लागतो. भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ ही संकेतप्रणाली १९९१ साली मानक म्हणून स्वीकारली. युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१चीच, आणि तिच्यातला देवनागरीचा तक्ता इस्कीच्या १९८८च्या रूपावर बेतलेला. या तक्त्यात पापणीच्या ‘र’ला स्वतःचे घर नाही. तो आडवाटेने मिळवावा लागतो, आणि आडवाटाही दोन आहेत. पहिली अशी, की ‘र’ लिहावा, त्याला हलन्त द्यावा आणि पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालावे. दुसरी अशी, की खाली टिंब असलेला ‘ऱ’ घ्यावा आणि त्याला हलन्त द्यावा. हे अक्षर तक्त्यात बसवले आहे ते मुळात द्रविड भाषांतल्या एका निराळ्या ‘र’च्या लिप्यंतरासाठी. म्हणजे मराठी माणसाने ‘दुसऱ्या’ हा साधा शब्द लिहायचा, तर एकतर न दिसणारे चिन्ह टंकायचे किंवा शेजारच्या घरचे अक्षर उसने आणायचे. हे बाईंना कोणी सांगितले होते? मला तरी कोणी सांगितले होते?

पुढची गंमत अशी, की दोन्ही वाटांनी काढलेला शब्द पडद्यावर अगदी एकसारखा दिसतो. यंत्राच्या लेखी मात्र ते दोन निराळे शब्द. एका संपादित पुस्तकाची सूची करताना मी ‘दुसऱ्या’ हा शब्द शोधायला घातला. यंत्राने काही मोजकी स्थळे दाखवली आणि शोध संपल्याचे जाहीर केले. पुढच्याच पानावर तो शब्द माझ्या डोळ्यांसमोर होता. निम्मे लेख एका लेखकाने एका पद्धतीने टंकले होते, उरलेले दुसऱ्याने दुसऱ्या पद्धतीने. मी संध्याकाळभर माझ्या चष्म्यावर संशय घेतला.

यंत्रापुढे लिपीने वाकणे ही गोष्ट नवी नाही, हे मला मान्य आहे. छापखान्यातल्या खिळ्यांची संख्या कमी करावी म्हणून लोकमान्य टिळकांनी बराच खटाटोप केला होता. सावरकरांनी रत्नागिरीच्या मुक्कामात लिपिशुद्धीची चळवळ चालवली आणि ‘अ’ची बाराखडी मांडली : अि, अी, अु, अू, अे. मुद्रण आणि टंकलेखन सोपे व्हावे हा तिचा एक हेतू होता. काही नियतकालिकांनी ती बाराखडी वर्षानुवर्षे छापली, आणि जुन्या अंकांतून ती आजही भेटते. पुष्कळांना ती रुचली नाही, पुष्कळांनी तिची टवाळी केली, आणि अखेर मराठीने ती मोठ्या प्रमाणावर टाकून दिली. यात मला महत्त्वाचे वाटते ते हे, की तो प्रस्ताव होता. त्याखाली नाव होते. ‘यंत्रासाठी लिपीने अमुक सोडावे’ असे कोणी उघडपणे म्हणत होते, आणि ‘सोडणार नाही’ असे म्हणायला दुसऱ्याला जागा होती.

आजचे वाकणे निराळे आहे. ‘करणाऱ्या’चे ‘करणार्या’ व्हावे, असा प्रस्ताव कोणीही मांडला नाही. त्यावर परिसंवाद झाला नाही, वृत्तपत्रांत पत्रे आली नाहीत. ते नुसते होत गेले. दुकानांच्या पाट्यांवर, लग्नपत्रिकांत, वाहिन्यांच्या पट्ट्यांवर, आणि आता चांगल्या प्रकाशकांच्या पुस्तकांतही. प्रत्येक ठिकाणी टंकणाऱ्याला वाटते, की आपल्यालाच ते येत नाही. आणि ज्याला आपण एकटेच अडाणी आहोत असे वाटते, तो तक्रार कशी करणार? म्हणून चळवळ होत नाही. ‘ल’ आणि ‘श’ यांचेही तसेच. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी मराठी वर्णमाला आणि वर्णलेखनाविषयी निर्णय काढून पाकळ्यांचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ आपला ठरवला. पण देवनागरीच्या कित्येक फॉन्टांत मूळ रूप हिंदीकडचे, आणि मराठी रूप असलेच तर आतल्या एका सोयीत दडवलेले असते. ‘हा मजकूर मराठी आहे’ असे यंत्राला स्वतंत्रपणे सांगितले, तरच ते बाहेर येते. पहिलीतले मूल पाटीवर एक ‘ल’ गिरवते आणि आईच्या फोनवर दुसरा पाहते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात दर्जा दिला, त्या दिवशीचे अभिनंदनाचे बरेच संदेश मला या परक्या ‘ल’मध्येच आले. असो.

माझ्या एका स्नेह्याच्या वडिलांची हकिगत सांगतो. वडील पाटबंधारे खात्यात होते. निवृत्तीनंतर त्यांनी आठवणी लिहिल्या, आणि १९९८च्या सुमारास एका डीटीपी केंद्रातून त्या टंकून घेतल्या. छापणे राहून गेले. वडील गेले, हस्तलिखित घर बदलताना हरवले, उरली एक फ्लॉपी. स्नेह्याने मोठ्या खटपटीने ती वाचून घेतली, तर आत रोमन अक्षरे, कंस, डॉलरची चिन्हे आणि उद्गारचिन्हे यांचा नुसता पसारा.

कारण उघड आहे, पण ते आज पंचविशीत असलेल्यांना सांगावे लागते. त्या काळी शिवाजी, कृतिदेव, श्री-लिपी, सुरेख, योगेश अशा फॉन्टांत मराठी टंकले जाई. त्यांत अक्षर मराठी दिसे, पण यंत्राच्या पोटात ते रोमन अक्षराच्या किंवा एखाद्या चिन्हाच्या जागेवर बसवलेले असे. मराठीचा केवळ मुखवटा. कोणता मुखवटा कोणत्या चेहऱ्यावर, हे प्रत्येक फॉन्टकर्त्याने आपापले ठरवलेले. फॉन्ट गेला की मुखवटा गळून पडतो. शिवाय त्यांतली साठवण डोळ्याला दिसते त्या क्रमाने होई. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. उच्चाराचा क्रम त्याच्या उलट. त्यामुळे असा मजकूर युनिकोडमध्ये आणताना नुसती अक्षरास अक्षर अदलाबदल पुरत नाही, प्रत्येक वेलांटी आणि रफार उचलून पुन्हा जागेवर बसवावा लागतो. विंडोज २००० आले तेव्हा ‘मंगल’ या फॉन्टसह देवनागरी युनिकोड घरच्या संगणकावर पोचला खरा. पण त्यानंतरच्या एक्स्पीवरही जटिल लिप्यांची सोय आधी खूण करून चालू करावी लागे, आणि त्या वेळी यंत्र मूळ सीडी मागे. ती सीडी कोणाकडे असे? अनेक कचेऱ्यांनी त्यापेक्षा जुना फॉन्ट बरा म्हणून पुढची दहा-पंधरा वर्षे त्यातच काढली. आमच्या पिढीच्या लेखनाचा किती भाग अशा मुखवट्यांत अडकून पडला आहे, याची मोजदाद कोणी केल्याचे मी ऐकलेले नाही.

स्नेह्याच्या फाईलचा फॉन्ट अखेर सापडला. परिवर्तक वापरून मजकूर बराचसा सुटला. मी तो वाचला. चांगले गद्य होते, कोरडे आणि नेमके. धरणाच्या भिंतीवरून रात्री कंदील घेऊन फिरणाऱ्या चौकीदाराचे एक प्रकरण तर फारच चांगले. मात्र सगळीकडे ‘पायऱ्यां’च्या ‘पायर्या’ आणि ‘किनाऱ्यां’चे ‘किनार्या’ झालेले. काही ठिकाणी आकडे गेलेले. पाण्याची पातळी किती होती, ते कळायला आता मार्ग नाही. स्नेही म्हणाला, “आम्हीच नीट जपलं नाही बाबांचं.” पुन्हा तेच. ज्याने फ्लॉपी पंचवीस वर्षे कपाटात सांभाळली, त्याने आणखी काय जपायला हवे होते?

अशा लहानसहान गोष्टी किती सांगाव्यात? फोनवरून मराठीत निरोप पाठवू लागलो, तेव्हा ‘पैसे जास्त का कापले जातात’ म्हणून आम्ही दुकानदाराशी भांडत असू. रोमन लिपीत एका एसेमेसमध्ये १६० अक्षरे मावतात आणि युनिकोडमध्ये ७०. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, हलन्त प्रत्येकी एक अक्षर धरले जाते. तरुण मुले रोमन लिपीत मराठी लिहितात म्हणून आपण त्यांना नावे ठेवली. त्यामागे हा हिशेबही होता, हे विसरलो. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली. वर्णानुक्रमाचे तर विचारूच नका. आपण ‘ळ’ शिकतो तो ‘ह’नंतर. संकेतांकांच्या तक्त्यात तो ‘ल’ला चिकटून ‘व’च्या आधी येतो. मराठीचा क्रम जाणणाऱ्या सोयी आता आहेत, पण त्या चालू कराव्या लागतात, आणि कचेरीतल्या सामान्य यादीत ‘कळंब’ ‘कवठे’च्या आधी येऊन बसते. शोधणारा ते शेवटी शोधतो आणि ‘यादीत नाव नाही’ असे सांगून माणसाला परत पाठवतो.

डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकी अभ्यासकाने १९८८ साली ‘द सायकॉलॉजी ऑफ एव्हरीडे थिंग्ज’ हे पुस्तक लिहिले. ढकलायचे की ओढायचे हे न कळणारे दरवाजे, कोणते बटण कोणत्या शेगडीचे हे न सांगणाऱ्या शेगड्या, असा त्याचा विषय. माणसे अशा वस्तूंपुढे अडली की स्वतःला मूर्ख ठरवतात आणि गप्प बसतात, चूक मात्र बहुधा वस्तूच्या घडणीत असते, हे त्याने चिकाटीने दाखवले. अशा दरवाजांना आता त्याच्याच नावाने ओळखतात. दरवाजाची चूक दरवाजापुरती तरी राहते. लिपीच्या बाबतीत ती माणसाच्या हातावाटे भाषेत उतरते, हा मला त्यातला जास्तीचा धोका वाटतो.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. इन्स्क्रिप्ट नावाचा कळफलक इस्कीच्या मानकातच होता. तो शिकायला आठवडाभर पुरतो आणि त्यात ‘ऱ्या’ अजिबात अवघड नाही : शिफ्ट धरून ‘जे’, मग ‘डी’, मग तिरप्या रेघेची कळ, मग काना. सरकारी नोकरीसाठी मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट अशी टंकलेखनाची अट घालणाऱ्या राज्यात हा कळफलक शाळेत शिकवणे अशक्य नव्हते. आम्हीही आळशीपणा केला. उच्चाराप्रमाणे रोमनमध्ये टंकून मराठी मिळते म्हटल्यावर दुसरे काही शिकलो नाही. आणि ज्यांनी बरहा, गमभन यांसारखी साधने तयार करून फुकट वाटली, त्यांचे उपकार मराठी माणसाने विसरू नयेत. त्यांच्याशिवाय जालावर मराठी उभी राहिली नसती. पण शिकण्याची जबाबदारी माझी आहे हे मान्य करणे वेगळे, आणि यंत्राच्या उणिवेची जबाबदारी माझ्या सहीने माझ्या गळ्यात पडणे वेगळे.

सहीवरून शेजारच्या काकूंची गोष्ट निघते. काकू विधवा आहेत, यजमानांच्या निवृत्तिवेतनावर घर चालते. त्यांच्या आडनावात एक ‘ळ’ आहे. काही वर्षांपूर्वी एका ओळखपत्रासाठी त्यांची माहिती भरली गेली. केंद्रावरच्या मुलाने नाव इंग्रजीत टंकले, आणि मराठी रकाना आपोआप भरला. रोमन लिपीला ‘ल’ आणि ‘ळ’, ‘न’ आणि ‘ण’, ‘त’ आणि ‘ट’ हे भेद ठाऊक नाहीत. तेव्हा यंत्राला अंदाज बांधावा लागतो, आणि यंत्राचा अंदाज ‘ळ’वर क्वचितच येतो. काकूंचा ‘ळ’ गेला, ‘ल’ आला. वर अनुस्वाराचा ‘म’ होऊन बसला तो निराळाच. पडदा मुलाच्या बाजूला होता. छापील कागद काकूंच्या हाती आला तो घडी घातलेला, आणि खाली अंगठ्याएवढ्या जागेत वाक्य होते, की अर्जदाराने वरील सर्व माहिती तपासली असून ती बरोबर आहे. काकूंनी त्याखाली सही केली. सहीत मात्र ‘ळ’ व्यवस्थित आहे.

त्या ‘ल’ने पुढे काय केले, ते मी जवळून पाहिले, कारण चार वेळा त्यांच्याबरोबर मीच गेलो होतो. निवृत्तिवेतनाच्या कागदांवर एक नाव आणि ओळखपत्रावर दुसरे. खिडकीपलीकडचा कारकून वाईट माणूस नव्हता. त्याला दिसत होते, की बाई त्याच आहेत. “मला कळतंय हो काकू, पण सिस्टिम घेत नाही,” तो म्हणाला. हे वाक्य अलीकडे सगळीकडे ऐकू येते. त्यात कर्ता नसतो. कारकूनही स्वतःला त्या यंत्राचा मालक मानत नाही, बाहेरच्या माणसाइतकाच तोही त्यापुढे हात जोडून उभा. पूर्वी साहेबाची सही मिळत नसे, तेव्हा साहेबाला शिव्या देता येत. साहेबाच्या घरी जाता येई, वेळप्रसंगी रडताही येई. ‘सिस्टिम’पुढे रडून काय उपयोग?

पाच महिने पैसे अडले. काकूंनी या काळात कोणाला दोष दिला असेल, तर स्वतःला. “वाचून सही करायला हवी होती. हे असते तर ओरडले असते मला.” केंद्रावरचा मुलगा कधीच काम सोडून गेला होता. अंदाज बांधणारी आज्ञावली ज्याने लिहिली, त्याला आपल्या अंदाजाने कोणाची चूल अडली हे कळण्याचा मार्गच नव्हता. दुरुस्तीसाठी प्रतिज्ञापत्र लागेल, असे सांगण्यात आले.

प्रतिज्ञापत्र आम्ही न्यायालयासमोरच्या एका टपरीवजा दुकानात करून घेतले. तिथला टंकलेखक साठीचा, हात सफाईचा. जुन्या टंकलेखन यंत्रावरून संगणकावर आलेला. त्याच्या बोटांखालून ‘ळ’ सहज उतरत होता, ‘ऱ्या’सुद्धा. मी मनातल्या मनात त्याला नमस्कार केला. कागद हातात आल्यावर काकूंनी या वेळी तो अक्षरन् अक्षर वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. दुसऱ्या परिच्छेदात होते : ‘सदर ओळखपत्रावर माझे आडनाव माझ्या नजरचुकीने अशुद्ध नोंदविले गेले आहे.’

“माझ्या नजरचुकीनं?” काकूंनी विचारले. “मी कुठं नोंदवलं?”

“मावशी, मजकूर तसाच असतो,” टंकलेखक म्हणाला. “दुसरं काही लिहिलं तर आत घेत नाहीत.”

काकू थोडा वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, “कुठं करायची सही?”